सात कड्या

गावाचं नावच साखळी.
त्यामुळे हा खेळ डिचोलीत सुरू झाला असता
तर आम्ही ते मनाला लावून घेतलं असतं.
नियम ठरले ते शाबा म्हाल्याच्या दुकानात,
पुलाच्या कामापायी कदंबची बस तीन तास अडली होती, तेव्हा:
एका टोकाला पोथीतलं माणूस,
दुसऱ्या टोकाला पोस्टरवरचं,
मधे फार तर सात कड्या.
स्पर्श चालतो. फोटो चालत नाही.
स्वप्नात दर्शन झालं म्हणणारा बाद.

उल्हास मास्तर नेहमी परशुरामापासून निघतात.
परशुरामाचा बाण, बाणाने हटलेला समुद्र,
समुद्राने सोडलेली जमीन, जमिनीवर मास्तरांचं भाट,
भाटातले माड, माडावर चढणारा इनास,
इनासचा भाचा कतारला, हॉटेलात वेटर,
आणि त्याने एका रात्री सलोनी राजवंशपुढे
सूपची वाटी ठेवली.
"सूप म्हणजे स्पर्श नव्हे," चोडणकर म्हणाला.
"वाटी परत त्यानेच उचलली ना!
तिचं बोट लागलेली!"
"आणि समुद्र काय माणूस आहे?"
मास्तर अर्धी दाढी तशीच ठेवून उठले,
दाराशी अडले, आरशात बघितलं,
परत येऊन बसले.

शाबा खेळत नसे.
पट्ट्यावर वस्तरा फिरवायचा, पुढे मागे, पुढे मागे,
आणि भांडण फार चढलं की
पंख्याचं बटण एका घराने वाढवायचा.

एका बुधवारी मात्र, माझ्या गालांवर फेस होता,
तोंड उघडायची सोय नव्हती, तेव्हा तो बोलला.
"उपाली," म्हणाला. "शाक्यांचा न्हावी.
बुद्धाने त्याला राजपुत्रांच्या आधी दीक्षा दिली.
म्हणजे नंतर राजपुत्रांनी
त्याच्या पाया पडायचं."
हे त्याला कुठून कळलं, विचारता आलं नाही.
ओठावर वस्तरा होता.

"आपल्या हरवळ्याच्या गुहा. तुम्ही पांडवांच्या म्हणता, म्हणा.
पण कधीकाळी कुणी भिक्षू तिथे राहिला असेल,
तर त्याचं डोकं कुणीतरी करत असणार.
पौर्णिमेला नाहीतर अमावास्येला,
पाणी त्याच धबधब्याचं.
त्या कुणाला त्याच्या बापाने शिकवलं असेल,
बापाला आणखी कुणी.
नावं नाहीत. हात आहेत."

"आणि दुसरं टोक?" चोडणकर.

"युवान सिंघल."
दुकानात फक्त पंखा ऐकू यायला लागला.
"धबधब्यापाशी शूटिंग. साधू व्हायचं होतं त्याला,
टकलाचा टोप बसेना.
रात्री दोनला जीप आली, मी गेलो.
वीस मिनिटांचं काम.
पूर्ण वेळ डोळे मिटून होता, थंडीने कुडकुडत.
मागे, कवटीच्या खाली, जुनी खोक आहे त्याच्या.
तीन टाके. लहानपणी पडला असणार कुठेतरी.
पडद्यावर ती कुणाला दिसत नाही."

"आणि हे आत्ता सांगतोस? फोटो तरी?"
"फोटो चालत नाही ना."

मला एकदम रुद्रेश्वराचा घाट आठवला.
बाबांचा दहावा. कावळा येत नव्हता.
मी मान खाली घालून बसलो होतो
आणि एक अंगठा माझा कान दुमडून
त्यामागचे केस काढत होता,
घाई न करता, जणू दिवसभर दुसरं काम नाही.
अंगठा कुणाचा ते तेव्हा बघितलं नव्हतं.
पैसे मामाने दिले होते.

आरशात बघितलं. तोच अंगठा,
आता माझ्या हनुवटीवर.
काही म्हणावंसं वाटलं, मान वळली,
"हलू नका," शाबा म्हणाला.

बाकावर चोडणकर बोटांवर पिढ्या मोजत होता.
शंभर तरी होतात, म्हणाला, नियमात बसत नाही,
आणि मधली एकही कडी सिद्ध करता येत नाही.
मास्तरांनी पहिल्यांदाच त्याला दुजोरा दिला.

शाबाने तुरटी ओली केली.
कानाखाली एके ठिकाणी कापलं होतं, बारीक.
झोंबलं.